बाहेर जाणारी शीर

जानेवारीत, आमच्या सोलापुरात गड्ड्याच्या यात्रेचा आठवडा होता, मी ऑफिसात बसून बिलं टाकत होते आणि डाव्या हाताचा अंगठा आपोआप उडायला लागला. आधी वाटलं टायपिंगनं शीर लागली असेल. मग सगळा पंजा, मग कोपरापर्यंत हात, आणि मी उजव्या हातानं तो दाबून धरून बघत बसले, जसं काय दुसऱ्याचाच हात आहे. दीडेक मिनिट चाललं असेल. शुद्ध गेली नाही, पडले नाही, म्हणून मी पाणी पिऊन उरलेली बिलं टाकली आणि संध्याकाळी स्वतः गाडी चालवत घरी गेले. हे आत्ता लिहिताना अंगावर काटा येतो, पण तेव्हा खरंच काही वाटलं नव्हतं. (मी अक्कलकोट रोडला एमआयडीसीत एका टॉवेलच्या कारखान्यात अकाउंट्स बघते, वय ३४.)

दोन दिवसांनी परत तसंच झालं आणि या वेळी सासूबाईंच्या समोर, मग काय, घरात रडारड, दृष्ट काढून झाली, मीठमिरच्या झाल्या, आणि दादा मला उचलून डॉक्टरकडं घेऊन गेला. न्यूरोच्या डॉक्टरांनी त्याच दिवशी एमआरआय सांगितला. हाताचा झटका म्हणजे फिटच असते, अख्खं अंग झाडलं नाही म्हणून काय झालं, हे मला त्या दिवशी कळलं. लेव्हेटिरासिटाम सुरू झाली, गाडी बंद झाली. त्या गोळीनं माझी चिडचिड इतकी वाढली की नवरा म्हणाला झटका परवडला पण गोळी नको. असो.

रिपोर्टमध्ये होतं एव्हीएम, उजव्या बाजूला, हात हलवणाऱ्या भागाला लागून, साधारण अडीच सेंटीमीटर. डॉक्टरांनी सांगितलं की हा रक्तवाहिन्यांचा गुंता आहे, बहुतेक लहानपणापासूनच असणार, आणि अजून फुटलेला नाही. गुंत्याला ते लोक निडस म्हणतात, लॅटिनमध्ये त्याचा अर्थ घरटं. आमचं माहेर अशोक चौकाच्या पलीकडं, घरातच चार पॉवरलूम होते, गुंता म्हणजे काय हे मला कुणी समजवायची गरज नाही. पण घरटं ऐकल्यावर मला उगाच कसंतरी झालं, डोक्यात काहीतरी अंडी घालून बसलंय असं.

आता मुद्द्याचं. घरातले, शेजारचे, ऑफिसातले, सगळे एकच विचारायचे, गाठ केवढी आहे. गाठ नाहीये ओ, असं सांगून सांगून मी थकले. आणि ज्या न्यूरोसर्जनकडं आम्ही गेलो त्यांनी आकाराकडं नुसतं बघितलं आणि फिल्म उजेडाला धरून विचारलं, यातलं रक्त बाहेर कुठून पडतंय? हे कुणी सांगितलंय का तुम्हाला? आम्ही तिघं एकमेकांच्या तोंडाकडं.

मराठीत आपण सगळ्यालाच शीर म्हणतो किंवा नस म्हणतो, तिथं पहिल्यांदा मला फरक कळला. हृदयाकडून जोरात येते ती धमनी आणि परत जाते ती शीर, आणि या दोघींच्या मधे केसापेक्षा बारीक नळ्यांचं जाळं असतं, तिथं रक्ताचा जोर मोडतो. एव्हीएममध्ये हे मधलं जाळंच नसतं. सरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागं काढून दाखवलं आणि दादाला लगेच समजलं कारण तो प्लंबिंगची कामं घेतो. म्हणाला म्हणजे मेन लाइन थेट गटारीच्या पाइपला जोडलीय, मधे घरातले नळ नाहीतच. सर म्हणाले अगदी तसंच. आमच्या गल्लीत चार दिवसांनी पाणी सोडतात तेव्हा पहिल्या झटक्याला पाइप कसा थरथरतो आणि जिथं जॉइंट कच्चा तिथं फुटतो ते आम्ही जन्मापासून बघतोय. शिरेची भिंत पातळ, तिला धमनीचा जोर सोसायची सवय नाही. त्यामुळं येणाऱ्या लाइनीइतकीच बाहेर जाणारी लाइन बघायची. ती एकच आहे का दोन-तीन, कुठं फुगलीय का, कुठं चिंबलीय का, आणि वरून जाते का आतून.

वरून का आतून हे मला सगळ्यात जास्त छळलेलं प्रकरण. वरून म्हणजे मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरा, त्या वर चढत जाऊन एका मोठ्या नाल्याला मिळतात. आपण मधोमध भांग पाडतो ना, बरोबर त्या रेषेखाली कवटीच्या आतून तो मागपर्यंत जातो. आतून म्हणजे मेंदूच्या मध्यभागातल्या शिरा, त्या गॅलनची शीर म्हणून एक आहे तिथं जमतात आणि मग मागं सरळ निघतात. तर १९८६ साली स्पेट्झलर आणि मार्टिन या दोन डॉक्टरांनी ऑपरेशन किती अवघड जाईल याची एक मार्कलिस्ट केली ती आजपण वापरतात. आकार ३ सेंटीमीटरच्या आत असला तर १ मार्क, ३ ते ६ असला तर २, त्याच्या वर ३. महत्त्वाच्या भागात असला तर १. आणि रक्त आतल्या शिरांमधून जात असलं तर आणखी १. इथं मार्क जितके जास्त तितकं वाईट. माझा आकाराचा १, हाताच्या भागाचा १, झाले दोन. आणि तिसऱ्या खान्यात काय लिहायचं ते माझ्या रिपोर्टला माहीत नव्हतं. त्यात शेवटची ओळ होती, डीप व्हेनस ड्रेनेज कॅनॉट बी रूल्ड आउट, म्हणजे रक्त आतल्या शिरांमधून जात नाही असं ठाम सांगता येत नाही. आम्ही ऑफिसात अशी, कुठल्या खात्यात घालायची ते कळत नाही ती एन्ट्री सस्पेन्स अकाउंटला टाकतो.

दोन म्हणजे ऑपरेशनला बऱ्यापैकी सोयीचं आणि तीन म्हणजे बसून विचार करायचा. आतली शीर असली तर फुटायचा धोकाही जास्त समजतात आणि काढतानाही ती खोल, हाताला लवकर येत नाही. एका मार्कावर एवढं सगळं.

रात्री झोप यायची नाही मग मोबाइल. न फुटलेल्या एव्हीएममध्ये वर्षाला साधारण २ ते ४ टक्के फुटायची शक्यता असं बहुतेक ठिकाणी लिहिलेलं. मला आकडा दिसला की कॅल्क्युलेटर उघडायची सवय, मधला ३ धरला आणि चक्रवाढीसारखं केलं, १० वर्षांत न फुटता राहायची शक्यता ७४ टक्के, २० वर्षांत ५४, ३० वर्षांत ४०. म्हणजे पोराचं लग्न बघायच्या वयाला पोचेपर्यंत फुटलेला असण्याचीच शक्यता जास्त. पहाटे साडेतीनला हा हिशोब करून मी बाथरूममध्ये जाऊन रडले. मग २०१४ सालचा अरुबा नावाचा अभ्यास सापडला, न फुटलेल्या एव्हीएमला हात न लावता नुसती औषधं दिलेले लोक उपचार केलेल्यांपेक्षा बरे राहिले आणि तो अभ्यास त्यामुळं मधेच थांबवला. लगेच वाटलं मग काहीच नको करायला. सरांना दोन्ही सांगितलं. ते हसले नाहीत हे मला आवडलं. म्हणाले त्या अभ्यासात माणसं सरासरी ३३ महिनेच बघितलीत, तुम्हाला अजून चाळीस वर्षं काढायचीत, आणि त्यात ऑपरेशन झालेले लोक थोडेच होते. आणि तुमचा ३ टक्क्यांचा हिशोब सगळ्यांच्या सरासरीवरचा आहे, तुमची शीर कशी आहे त्यावर तो वर-खाली होतो, ती नीट दिसू दे मग बोलू.

पहिल्या स्कॅनमध्ये अँजिओ, म्हणजे नुसत्या रक्तवाहिन्यांचे फोटो, झालीच नव्हती असं नाही. टाइम ऑफ फ्लाइट नावाचा प्रकार केला होता, त्यात औषध टोचत नाहीत. मशीन एका पट्ट्याला सारखे सिग्नल मारून जे हलत नाही ते मंद करून टाकतं, आणि खालून नवं ताजं रक्त त्यात शिरलं की तेवढंच पांढरं चमकतं. धमन्यांसाठी एक नंबर. पण रक्त हळू झालं किंवा त्या पट्ट्यात जास्त वेळ रेंगाळलं की तेपण मंद होत जातं, म्हणून शीर गुंत्यातून निघताना दिसते आणि पुढं पुढं पुसट होत जाते. शिवाय साध्या पेशंटमध्ये बघायच्या असतात धमन्या, म्हणून वरून उतरणारं शिरांमधलं रक्त मुद्दाम काळं पाडायची पण सोय करतात. आणि सगळ्यात मोठं म्हणजे तो एकच फोटो असतो. कोण आधी भरलं आणि कोण नंतर ते त्यात कळतच नाही. माझ्यात उजवीकडची आतली शीर डावीपेक्षा जरा जास्त उजळ दिसत होती, ती ओळ त्यावरून आली होती.

सरांनी मूळ सीडी मागितली. त्या सेंटरमधून मिळालेली सीडी घरच्या लॅपटॉपला चाललीच नाही, दादाच्या मित्राच्या कम्प्युटरवर उघडली तर त्यात निम्म्याच इमेज, अँजिओ गायब. परत गेलो तर म्हणे सर्व्हरवरून उडाल्या, फिल्म दिलीय ना तुम्हाला. भांडून उपयोग नव्हता, दोन चकरा आणि पेट्रोल गेलं तेवढं गेलं. कुणी करणार असाल तर तिथंच काउंटरवर सीडी लावून मोजून घ्या, फिल्मवर हलणारं काही दिसत नाही.

दुसरी एमआर अँजिओ एप्रिलमध्ये दुसऱ्या ठिकाणी झाली, कॉन्ट्रास्ट देऊन, वेळेप्रमाणं फोटो काढत जायची. आधी क्रिएटिनिन तपासलं कारण गॅडोलिनियम किडनीवाटे बाहेर जातं. चार तास उपाशी. बाहेर ४२ डिग्री आणि आत एवढी थंडी की दात वाजत होते. मंगळसूत्र, कानातलं, चमकी, पिना, सगळं नवऱ्याच्या रुमालात बांधलं, जोडवी निघेना. तो टेक्निशियन पोरगा म्हणाला, ताई साबण लावा की, आणि स्वतःच हँडवॉशची बाटली आणून दिली. सासूबाई लगेच म्हणाल्या जोडवी कशाला काढायची, चांदीचीच तर आहेत. पोरगा म्हणाला आज्जी, मशीनला सगळं सारखंच. साबण लावून लावून उजवी निघाली, डावीला सोलून निघाली.

आडवं झोपवलं, डोक्याखाली टॉवेलची घडी, सवयीनं मी बोटात धरून बघितलं, चारशेच्या वर जीएसएम (टॉवेलच्या जाडीचा, वजनाचा आकडा) नसणार. अंगावर सोलापुरी चादर टाकली. डोक्यावर जाळीचा पिंजरा, कानात कापूस आणि वर हेडफोन, डाव्या हातात रबरी फुगा, घाबरलात तर दाबा. उजव्या कोपराच्या खोबणीत सुई आणि तिला लांब नळी, नळी एका पंपाला. पोरगा म्हणाला औषध एकदम जाईल, गार वाटेल, तेव्हा मान अजिबात हलवू नका, गिळू पण नका, ते वीस-पंचवीस सेकंदच आपल्या कामाचे आहेत, ते हुकले तर परत लगेच करता येत नाही.

आवाजाबद्दल सगळे घाबरवतात. मला खरं सांगू का, घरी आल्यासारखं वाटलं. खटक खटक खटक, मधेच लय बदलली की वाटायचं आता अण्णा उठून लूम बंद करतील, धागा तुटला असेल. अण्णा जाऊन सहा वर्षं झाली. मी डोळे मिटून धोटा मोजत बसले, इकडून तिकडं, तिकडून इकडं, आणि पाऊण तास कसा गेला कळलं नाही. मग हेडफोनमध्ये, ताई औषध सोडतोय. कोपरातून खांद्याकडं बर्फाचं पाणी सरकावं तसं झालं, तोंडात जुन्या नाण्याची चव आली, आणि नेमकं तेव्हाच घशात थुंकी जमली. तेवढे सेकंद मी आयुष्यात कधी एवढे लांब बघितले नाहीत. गिळलं नाही.

तिथल्या रेडिऑलॉजिस्ट मॅडमनी दुसऱ्या दिवशी स्वतः बोलावून स्क्रीनवर दाखवलं, त्यांचे उपकार. दीड-दीड सेकंदाला एक चौकट. पहिल्या काही काळ्या. मग गळ्याकडून पांढऱ्या काड्या वर आल्या, त्या धमन्या. पुढच्या चौकटीत उजवीकडं गुंता पेटला आणि त्याच चौकटीत, बाकी मेंदूत अजून धमन्याच भरतायत तोवर, गुंत्यातून एक जाड नागमोडी शीर निघून वर भांगाच्या रेषेपर्यंत गेलेली. मॅडम म्हणाल्या ही बघा, हिची वेळ नाही आणि ही भरलीय, जी वेळेच्या आधी भरते ती तुमच्या गुंत्याची. मग माऊसनं मधे आत दाखवलं, आता इथं बघा. काळं. पुढची चौकट, काळं. त्याच्या पुढची, तरी काळं. मी श्वास धरलेला. चौथ्या चौकटीला उजवी आतली शीर भरली आणि तिच्याबरोबर डावीपण, दोघी एकदमच, जुळ्या बहिणी शाळेतून घरी आल्यासारख्या. म्हणजे ती उजवी आपल्या वेळेलाच येतीय, तिच्यात गुंत्याचं रक्त नाही. नुसती जराशी जाड होती इतकंच. तिसऱ्या खान्यात शून्य!

मी तिथंच पेढे वाटायच्या तयारीत, पण मॅडमनी दोन गोष्टी सांगितल्या. एक म्हणजे दीड सेकंदाच्या फटीतून एखादी बारीक वाट निसटू शकते, त्यामुळं ऑपरेशन ठरलं तर आधी डीएसए होणारच, म्हणजे मांडीतून तार घालून करतात ती खरी अँजिओग्राफी. मेंदूच्या धमन्यांमध्ये औषध सोडून पहिला एक्स-रे १९२७ साली पोर्तुगालच्या एगास मोनिझ यांनी काढला होता, अजून शेवटचा शब्द त्याच पद्धतीच्या वंशातल्या तपासणीचा असतो असं त्या म्हणाल्या. आणि दुसरी, त्या वरच्या शिरेवर नाल्याला मिळायच्या जरा आधी हरभऱ्याएवढा फुगा होता आणि फुग्याच्या पुढं एक तुटल्यासारखी जागा. खरंच चिंबलीय का रक्त तिथं घुसळतंय म्हणून सिग्नल गेलाय हे एमआरवर ठाम सांगता येत नाही. बाहेर जायला वाट एकच आणि तीच पुढं अरुंद, म्हटल्यावर मला पाइप दिसला डोळ्यासमोर.

डीएसएला पुण्याला गेलो, सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं, बरोबर कडक भाकरी आणि शेंगाचटणी, नवऱ्याला स्टेशनवरचं काही चालत नाही. त्याचं फार लिहीत नाही. जांघेत भूल, तार जाताना कळत नाही, औषध सोडलं की अर्धं तोंड गरम होतं आणि बंद डोळ्यात वीज चमकते, नंतर पाय न वाकवता सहा तास पडून राहायचं. तिथं सेकंदाला कितीतरी फोटो निघतात. आत काही नाही, हे पक्कं झालं. आणि ती जागा खरंच चिंबलेली होती, निम्म्याहून जास्त.

मग फार विचार करायचा राहिलाच नाही. गामा नाइफचं, म्हणजे डोकं न उघडता बाहेरून किरण मारायचं, पण बोलणं झालं होतं, त्यानं गुंता बंद व्हायला दोन-तीन वर्षं लागतात, आणि तोवर ती चिंबलेली शीर आहे तशीच. मला ते नको होतं.

ऑपरेशनच्या आदल्या दिवशी मी सरांना विचारलं की एवढा त्रास त्या शिरेचाच आहे तर आधी तीच का नाही कापत. ते म्हणाले तीच तर शेवटपर्यंत सांभाळायची, येणारं बंद करायच्या आधी जाणारं बंद केलं तर गुंता फुगून टेबलावरच फुटेल. आधी धमन्या एकेक करून बंद, मग गुंता सगळीकडून सोडवायचा, आणि शीर सगळ्यात शेवटी. दादा बाहेर बसून हे ऐकत होता, म्हणाला हां, मेन कॉक आधी.

साडेसहा तास चाललं. शुद्धीवर आल्यावर डावा हात जड होता, आता तीन महिने झालेत, चपाती लाटता येते पण गोल होत नाही आणि शर्टाचं वरचं बटण अजून नवराच लावतो, फिजिओ चालू आहे. चेक अँजिओ स्वच्छ आलीय, गोळी अजून आहे. सर तिसऱ्या दिवशी राउंडला आले तेव्हा मी दुसरं काही विचारायच्या आधी शिरेबद्दल विचारलं. म्हणाले, उघडलं तेव्हा ती धमनीसारखी लालभडक होती आणि उडत होती, शेवटची धमनी बंद केली आणि आम्ही सगळे नुसते तिच्याकडं बघत उभे राहिलो, हळूहळू ती निळी पडली. निळी म्हणजे? मी विचारलं. म्हणजे शीर असते तशी, म्हणाले, आणि माझ्या मनगटावर बोट ठेवून दाखवलं.